अग्निशामक केबिनमध्ये असतो, तरी तपासणीत तोच दोष परत परत का लागतो?

पुढे ट्रॅक्टर आणि मागे ५३ फुटी ट्रेलर, इकडे अमेरिकेत ज्याला सेमी म्हणतात, अशा अकरा गाड्यांची सुरक्षेची कागदपत्रं मी इंडियानात सांभाळते. चौदा महिन्यांत आमच्या गाड्यांवर एकाच कलमाखाली पाच वेळा दोष लिहिला गेला. अमेरिकेच्या केंद्रीय ट्रक-सुरक्षा नियमांतलं कलम ३९३.९५, म्हणजे आपत्कालीन साहित्य. अग्निशामक, म्हणजे आग विझवायचा सिलिंडर, गाडी थांबली की रस्त्यावर मांडायचे इशाऱ्याचे त्रिकोण, आणि जास्तीचे फ्यूज. पाचही वेळा मी नवीन सिलिंडर किंवा त्रिकोणांची नवी पेटी घेऊन दिली, अहवालावर सही केली, 'दुरुस्त केलं' म्हणून कळवलं आणि फाइल मिटली. मग सहावा अहवाल आला, तोही अशा गाडीचा जिला तीनच महिन्यांपूर्वी कोरा करकरीत सिलिंडर दिला होता.

त्या दिवशी मी नवीन सिलिंडर मागवायचं थांबवलं आणि आधीचे सगळे अहवाल टेबलावर पसरून बसले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. लहान कंपन्यांत, एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे आणि आपल्याकडून इकडे येऊन ट्रक चालवणाऱ्यांकडे हा दोष सारखा दिसतो.

या दोषावर गाडी सहसा जागच्या जागी थांबवत नाहीत. ब्रेक किंवा टायरचा दोष असेल तर गाडी हलत नाही, तिथल्या तिथे मेकॅनिक बोलवावा लागतो. अग्निशामक सैल असला तर इन्स्पेक्टर लिहितो, कागद देतो आणि ड्रायव्हर पुढे निघतो. म्हणून सगळेच याला किरकोळ समजतात. पण तो दोष कंपनीच्या खात्यावर २४ महिने राहतो. पहिले सहा महिने त्याचं वजन तिप्पट धरतात, सहा ते बारा महिने दुप्पट, पुढचं वर्षभर एकपट. पाच किरकोळ दोष अशा हिशेबाने एकत्र आले की तुमच्या गाड्या वजनकाट्यावर जास्त वेळा आत घेतल्या जातात. जास्त तपासण्या, मग जास्त दोष. या फेऱ्यात आम्ही अडकलो होतो.

आधी अहवाल नीट वाचा

माझी पहिली चूक ही की मी फक्त कलमाचा आकडा वाचत होते. ३९३.९५ च्या अग्निशामकाच्या भागात निदान चार वेगळे दोष बसतात: सिलिंडर नाही, सिलिंडर भरलेला नाही, क्षमतेचा आकडा कमी आहे किंवा वाचता येत नाही, आणि सिलिंडर घट्ट बसवलेला नाही. चौघांचा उपाय वेगळा. चारही ठिकाणी नवीन सिलिंडर देणं म्हणजे ताप असो की पाय मुरगळलेला असो, एकच गोळी देण्यासारखं आहे.

सहाव्या अहवालाचा ड्रायव्हर नांदेडचा. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात वाढलेला, पंजाबी आणि मराठी दोन्ही सारख्याच सहज बोलतो. मला म्हणाला, "ताई, सिलिंडर जागेवर आहे, काटा हिरव्यात आहे, तरी त्याने लिहिलं." मी म्हटलं, "भाऊ, त्याने हाताने नक्की काय केलं तेवढं सांगा." तो म्हणाला, "दार उघडायला लावलं. वाकून बघितलं. मग मानेखाली दोन बोटं घातली आणि वर उचलला. अर्धा इंच उचलला गेला आणि टक्‌ करून खाली बसला. बस, लिहायला लागला."

त्या 'टक्‌'मध्ये सगळं उत्तर होतं. नियमाची भाषा स्पष्ट आहे: अग्निशामक असा बसवलेला हवा की तो घसरणार नाही, घरंगळणार नाही आणि वर-खालीही हलणार नाही. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. तिसरी कोणी लक्षात घेत नाही.

मग मी मागच्या पाच ड्रायव्हरांना एकेक करून फोन केला. पाचांतले तीन दोष याच जातीचे निघाले. एकात सिलिंडर सीटच्या मागे आडवा पडला होता. दोघांत तो भिंतीवरच्या हुकाला अडकवलेला होता.

हुक आणि पट्टा

दुकानातून घरगुती अग्निशामक आणला की खोक्यात एक छोटा प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा हुक येतो. सिलिंडर मानेजवळ त्यात अडकतो आणि वर उचलला की सुटतो. स्वयंपाकघरात हाच त्याचा गुण आहे, कारण ओट्याजवळ आग लागली तर एका हाताने उचलता आला पाहिजे. ट्रकमध्ये हाच दोष होतो. आमच्या मेकॅनिकने तोच हुक केबिनमध्ये लावला होता आणि मी त्याचा फोटो बघून 'बसवला' म्हणून नोंद केली होती.

दुसरा प्रकार म्हणजे वाहनासाठी म्हणून मिळणारा प्लॅस्टिकचा ब्रॅकेट, ज्याला रबरी किंवा प्लॅस्टिकचा पट्टा असतो. नवा असताना तो ठीक काम करतो. वर्षभर ऊन खाल्लं, थंडी खाल्ली, रस्त्याचे हादरे बसले की पट्टा ढिला पडतो नाहीतर कडीपाशी तडकतो. ड्रायव्हर मग त्याला चिकटपट्टी गुंडाळतो. चिकटपट्टी गुंडाळलेला सिलिंडर हलत नाही हे खरं, पण आग लागल्यावर सुटतही नाही, आणि नियम 'चटकन हाताशी येणारा' असंही म्हणतो.

आता आम्ही धातूचा ब्रॅकेट वापरतो. त्याला रुंद धातूचा पट्टा आणि एका बोटाने उघडणारी कडी असते. तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

ब्रॅकेट सिलिंडरच्या जाडीचाच हवा. अडीच पौंडी सिलिंडर पाच पौंडीच्या ब्रॅकेटमध्ये घातला की पट्टा पूर्ण आवळूनही फट राहते. हा प्रकार आमच्याकडे घडला, कारण सिलिंडर बदलताना ब्रॅकेट जुनाच ठेवला होता. थोडीशी फट असेल तर मागे रबराची पट्टी चिकटवून भागतं. जास्त असेल तर ब्रॅकेट बदला.

तो कशात ठोकला आहे ते बघा. केबिनच्या आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणात मारलेले स्क्रू दोन-तीन महिन्यांत भोक मोठं करतात आणि आख्खा ब्रॅकेट डुलायला लागतो. आरपार बोल्ट, मागून मोठा वॉशर आणि नायलॉनचं कडं असलेला नट, असं बसवा. हादऱ्याने साधा नट सुटतो. भोक पाडण्यापूर्वी मागे काय आहे ते हाताने चाचपा आणि टॉर्च मारून बघा. ड्रायव्हरच्या सीटखाली हवेची नळी असते, वायरिंग असतं. शंका असेल तर नवीन भोक पाडू नका, सीटच्या पायाला आधीच असलेल्या बोल्टखाली पट्टी घेऊन तिच्यावर ब्रॅकेट बसवा. नंतर सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, पूर्ण खाली घेऊन पाहा. आमच्या एका गाडीत सीट खाली बसली की कडीवर घासायची, आणि आठवड्याभरात कडी आपोआप उघडायला लागली.

तिसरी गोष्ट जागेची, आणि याबाबत माझं मत ठाम आहे. ड्रायव्हरचं दार उघडून जमिनीवर उभं राहिलं असता जिथे हात पोहोचतो तिथेच सिलिंडर असावा. झोपायच्या बंकखाली किंवा मागच्या कपाटात नको. इंजिनातून धूर दिसला की माणूस पहिल्यांदा खाली उडी मारतो. सिलिंडर आणायला त्याने परत धुराच्या केबिनमध्ये चढावं, असा प्रसंग माझ्या कुठल्याही ड्रायव्हरवर मला येऊ द्यायचा नाही.

बसवून झालं की इन्स्पेक्टरने केलं तेच करा. मानेला धरून वर हिसका, बाजूला हिसका, पुढे-मागे हिसका. 'टक्‌' ऐकू आलं तर काम झालेलं नाही.

आकडा, काटा आणि आतली पावडर

नियमाला किमान ५ बी:सी क्षमतेचा एक अग्निशामक लागतो, किंवा ४ बी:सीचे दोन. (ही अक्षरं आगीचे प्रकार सांगतात: ए म्हणजे लाकूड-कागदाची, बी म्हणजे तेलासारख्या द्रवाची, सी म्हणजे विजेच्या उपकरणांची.) घातक मालाच्या पाट्या लावायचा लोड असेल तर किमान १० बी:सी. इथे एक गोंधळ मी वारंवार पाहते: हा ५ म्हणजे पाच पौंड नव्हे. तो आग विझवण्याच्या क्षमतेचा आकडा आहे आणि लेबलवर छापलेला असतो. बाजारातल्या अडीच पौंडी सिलिंडरवर बहुधा १-ए:१०-बी:सी लिहिलेलं असतं, म्हणजे तो नियमात बसतो. पाच पौंडीवर साधारण ३-ए:४०-बी:सी असतं. आम्ही सगळ्या गाड्यांत पाच पौंडीच ठेवतो, म्हणजे उद्या पाट्यांचा लोड घेतला तरी सिलिंडर बदलायची आठवण ठेवावी लागत नाही.

लेबल वाचता आलं पाहिजे. ग्रीसच्या हातांनी पुसून पुसून किंवा उन्हाने ते पांढरं पडलं असेल तर आत पावडर कितीही असो, इन्स्पेक्टरला क्षमता कळत नाही. ब्रॅकेटचा पट्टा बरोबर लेबलवर येत असेल तर सिलिंडर थोडा फिरवून बसवा.

भरलेला आहे की नाही हे नुसतं बघून कळलं पाहिजे, म्हणून काटा असलेलाच घ्या. काटा फक्त दाब दाखवतो. आतली पावडर रस्त्याच्या हादऱ्याने तळाशी दाबून बसते, आणि मग दाब असूनही नळीतून नुसता वायू बाहेर येतो. महिन्यातून एकदा सिलिंडर ब्रॅकेटमधून काढून उलटा करा, तळावर तळहाताने थापट्या मारा आणि पावडर सरकल्याचं हाताला जाणवेपर्यंत हलवा. भरलेल्या बाटलीत साखर इकडून तिकडे गेल्यासारखं वाटतं. एकदा हाताने ओळखलं की विसरत नाही.

'बघू तरी चालतो का' म्हणून अर्धा सेकंद दाबलेला सिलिंडर बाद समजा. झडपेच्या तोंडाशी पावडरीचे कण अडकतात आणि पुढच्या काही दिवसांत दाब हळूहळू गळतो. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की परवा काटा हिरव्यात होता, आणि तो खरंच बोलत असतो. उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांचीही काळजी घ्या. बऱ्याच पावडरच्या सिलिंडरांवर कमाल १२० अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ४९ सेल्सिअस लिहिलेलं असतं. बंद केबिनच्या काचेमागे उन्हात पारा त्याच्या वर जातो, म्हणून सिलिंडर डॅशबोर्डजवळ नको, सीटच्या सावलीत हवा.

जुने सिलिंडर वापरात असतील तर आणखी एक काम करा. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'किडे' (Kidde) या अग्निशामक बनवणाऱ्या कंपनीने प्लॅस्टिकच्या दांड्याचे आणि दाबून बघायच्या बटणाचे अग्निशामक मोठ्या प्रमाणावर परत मागवले. एकट्या अमेरिकेत ३ कोटी ७८ लाख, आणि त्यात १९७३ पासून ऑगस्ट २०१७ पर्यंत बनलेले नग होते. ते दाबल्यावर चालतीलच याची खात्री नव्हती. जुनी गाडी विकत घेतली की तिच्याबरोबर असा सिलिंडर येऊ शकतो. प्लॅस्टिकचा दांडा दिसला तर मॉडेल आणि तारीख ताडून पाहा.

त्रिकोण

राहिलेल्या दोषांतले दोन त्रिकोणांचे होते. दोन्ही गाड्यांत पेटी होती. एकीत दोनच त्रिकोण निघाले, दुसरीत तीन होते पण एकाचा टोकाचा खटका तुटल्यामुळे तो उभाच राहत नव्हता. नियमाला तीन लागतात, आणि तिन्ही वापरता येण्याजोगे. त्यांऐवजी सहा फ्यूजी, म्हणजे रस्त्यावर लावायच्या जळत्या कांड्या, चालतात. पण ज्वालाग्राही द्रव किंवा वायूच्या टँकरवर आणि गॅसवर चालणाऱ्या ट्रकवर त्या चालत नाहीत, आणि डिझेल सांडलं असेल तिथे कांडी पेटवायची हिंमत कोणी करू नये. दुकानात मिळणारे लुकलुकणारे एलईडी दिवे जास्तीचे म्हणून जरूर ठेवा. त्रिकोणांच्या जागी ते धरले जात नाहीत.

त्रिकोण हरवतात कुठे? रस्त्यावरच. टायर बदलून झाला, ड्रायव्हर दमलेला, उशीर झालेला, पाऊस. जवळचे दोन उचलतो आणि सगळ्यात लांबचा दोनशे फुटांवरचा तिथेच राहतो. मग तो कोणाला सांगत नाही, आणि महिन्याभराने तपासणीत पेटी उघडली की मला कळतं. मी ड्रायव्हरांना स्पष्ट सांगितलं आहे: हरवला तर फोन करा, एक शब्द बोलणार नाही, पुढच्या ट्रक स्टॉपवर नवीन घ्या, पावती मला द्या. त्यानंतर असे फोन यायला लागले. पैसे कापणार म्हणून गप्प बसलेला ड्रायव्हर मला नव्या पेटीपेक्षा महाग पडतो.

माझे वडील संगमनेरहून ट्रक चालवायचे. चंदनापुरी घाटात गाडी बंद पडली की क्लीनर मागे जाऊन रस्त्यावर दगड मांडायचा आणि कडुलिंबाची फांदी तोडून आडवी टाकायचा. आपल्याकडे सगळीकडेच हे दिसतं. वडिलांचा एक दंडक होता: गाडी चालू झाली तरी दगड उचलल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. मागे राहिलेल्या दगडाने रात्री मोटारसायकलवाला जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. क्लीनर दगड मोजून सांगायचा, "चार ठेवले, चार काढले," मगच गाडी हलायची. आमच्या ड्रायव्हरांसाठी मी तेच उचललं आहे. तीन बाहेर, तीन आत, आणि पेटीचा खटका लागल्याचा आवाज.

ठेवायची रीतही इथेच सांगते, कारण साहित्य असूनही ते मांडलं नाही म्हणून वेगळ्या कलमाखाली, ३९२.२२ खाली, दोष लागतो. गाडी रस्त्यावर किंवा साइडपट्टीवर थांबली की लगेच चारी इंडिकेटर, आणि दहा मिनिटांच्या आत तीन त्रिकोण. दुभाजक असलेल्या किंवा एकेरी रस्त्यावर तिन्ही मागच्या बाजूला: १० फूट, १०० फूट आणि २०० फूट. दुहेरी वाहतुकीच्या साध्या रस्त्यावर एक गाडीजवळ १० फुटांवर, एक मागे १०० फूट, एक पुढे १०० फूट. वळण किंवा चढ आडवा येत असेल तर त्या बाजूचा त्रिकोण १०० ते ५०० फुटांच्या दरम्यान असा नेऊन ठेवायचा की येणाऱ्याला वळणाआधी दिसेल. फक्त बिघाडालाच हे लागू आहे असं बरेच जण समजतात. रॅम्पच्या कडेला झोप काढायला थांबलेली गाडीही यात येते.

नियमातच अंतर पावलांत दिलं आहे: चार पावलं, चाळीस पावलं. आम्ही आवारात टेप लावून सगळ्यांना चालवलं. उंच ड्रायव्हरची चाळीस पावलं ११५ फूट भरली, ठेंगण्याची ९०. आता प्रत्येकाला स्वतःचा आकडा माहीत आहे आणि तो पेटीच्या झाकणावर मार्करने लिहिलेला आहे. बहुतेक राज्यांत महामार्गावरच्या तुटक पांढऱ्या रेषांचाही उपयोग होतो: १० फूट रेषा आणि ३० फूट मोकळी जागा, म्हणजे पाच रेषा मागे गेलं की २०० फूट. मागे चालत जाताना उघडलेले त्रिकोण आपल्या आणि येणाऱ्या गाड्यांच्या मध्ये धरून चालायचं, म्हणजे ते जमिनीवर जाण्याआधीच काम करायला लागतात.

विकत घेताना त्रिकोणावर डॉट (DOT, म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं) हे चिन्ह आहे का ते बघा. खरा त्रिकोण ताशी ४० मैल वाऱ्यात टिकेल अशा कसोटीला उतरलेला असतो, म्हणून त्याचा पाया जड असतो. हलक्या, कारसाठीच्या त्रिकोणाला शेजारून गेलेल्या ट्रकचा एक झोत पुरतो. आणि पायाचे पाय पूर्ण फाकवल्याशिवाय चांगला त्रिकोणही पडतो.

फ्यूजबद्दल थोडक्यात. गाडीच्या आवश्यक दिव्यांना आणि उपकरणांना जे जे प्रकार लागतात त्यांतला प्रत्येकी एक जास्तीचा ठेवायचा. २०२५ मध्ये ही अट काढून टाकण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. मी आमच्या गाड्यांतली फ्यूजची डबी काढणार नाही, कारण रात्री मागचे दिवे गेले तर ती ड्रायव्हरला तास-दोन तास वाचवते. डबी फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतच चिकटवा, म्हणजे शोधावी लागत नाही.

मग हे आधी कोणाला का दिसलं नाही?

इथे मला सर्वात जास्त वेळ लागला. आमच्या गाड्यांची वार्षिक तपासणी वेळेवर होते, स्टिकर लागलेले असतात. मी गृहीत धरलं होतं की तिथे अग्निशामकही पाहतात. वार्षिक तपासणीच्या किमान यादीत ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, काचा, जोडणी, सगळं आहे. ट्रकचं आपत्कालीन साहित्य त्यात नाही. गॅरेजने स्वतःहून पाहिलं तर पाहिलं.

उरला ड्रायव्हरचा रोजचा अहवाल. त्यातल्या अकरा बाबींमध्ये आपत्कालीन साहित्य आहे, अगदी शेवटचं, अकरावं. पण २०१४ च्या शेवटापासून मालवाहू गाड्यांना दोष नसेल तर अहवाल लिहायची गरज राहिली नाही. कागदाचं ओझं कमी झालं हे चांगलंच झालं. आमच्याकडे मात्र त्याचा परिणाम असा झाला की टॅबलेटवर 'दोष नाही' हे एक बटण दाबलं की संपलं. गाडी हलवण्यापूर्वी साहित्य जागेवर आणि तयार आहे याची खात्री ड्रायव्हरने करायची ही जबाबदारी कलम ३९२.८ मध्ये आजही आहे. पण ती करायला लावणारा क्षण कोणाच्याच दिवसात नव्हता.

आम्ही तो क्षण डिझेल भरताना आणला. आठवड्याचं पहिलं डिझेल. टाक्या भरेपर्यंत दहा मिनिटं ड्रायव्हर तसाही खाली उभा असतो आणि दार उघडं असतं. तेवढ्यात खालूनच हात घालून सिलिंडरला वर हिसका, काटा बघायचा, पेटी उघडून तीन त्रिकोण मोजायचे आणि एक फोटो पाठवायचा, ज्यात काटा आणि तिन्ही त्रिकोण एकत्र दिसतील. नुसत्या 'ओके'च्या मेसेजवर मी समाधान मानत नाही, आणि फोटो आल्यावर तो उघडून खरोखर बघते. मी बघते हे त्यांना माहीत आहे, कारण एकदा त्रिकोणाचा तुटका खटका मी फोटोत ओळखला आणि तिथल्या तिथे फोन केला.

गॅरेजमधून परतणाऱ्या गाडीकडे जास्त लक्ष द्या. सीटचं काम करताना सिलिंडर काढून बाजूला ठेवतात आणि तो परत न बसवताच गाडी बाहेर येते. आमच्या पहिल्या दोषाचं कारण हेच होतं, आणि ते मला सहाव्या दोषानंतर कळलं.

ट्रेलर बदलणाऱ्यांनी लाल-पांढऱ्या चमकत्या पट्टीवरही नजर टाकावी. डिसेंबर १९९३ पासून बनलेल्या मोठ्या ट्रेलरवर ती बाजूच्या निम्म्या लांबीवर तरी लागते आणि तिच्यावर डॉट-सी२सारखी छाप असते. हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाने ती राखाडी होते. ओल्या फडक्याने दोन मिनिटांत उजळते. ट्रेलर दुसऱ्याचा असला तरी ओढणाऱ्या कंपनीचं नाव अहवालात येतं.

दोष लागलाच तर

ड्रायव्हरने अहवाल त्याच दिवशी फोटो काढून पाठवावा, मूळ कागद ठिकाणावर पोहोचल्यावर द्यावा. कंपनीने १५ दिवसांत दुरुस्ती करून, सही करून तो संबंधित राज्याच्या खात्याकडे परत पाठवायचा आणि प्रत बारा महिने ठेवायची. मी आता प्रतीच्या मागे दोन ओळी लिहिते: इन्स्पेक्टरने हाताने काय केलं, आणि आपण काय बदललं. 'सिलिंडर बदलला' असं लिहायला हात गेला की थांबते आणि ड्रायव्हरला परत फोन करते. दोष चुकीचा लिहिला आहे अशी खात्री असेल तर डेटाक्यूज या सरकारी यंत्रणेतून हरकत घेता येते. तिथे सर्वात उपयोगी पडतो तो तारीख असलेला डिझेलच्या वेळचा फोटो.

ब्रॅकेट बदलल्यापासून आमच्या गाड्यांच्या नऊ तपासण्या झाल्या, त्यांतल्या दोन पहिल्या पातळीच्या, ज्यात इन्स्पेक्टर गाडीखालीही जातो. ३९३.९५ एकदाही आलं नाही. एक जागा अजून कच्ची आहे: गाडी बिघडली की आम्ही चार दिवसांसाठी भाड्याचा ट्रॅक्टर घेतो, आणि त्यातलं साहित्य कोणी आधी पाहिलेलं नसतं. त्यासाठी ऑफिसच्या दाराशी एक पिशवी टांगली आहे. तिच्यात त्रिकोणांची पेटी, पाच पौंडी सिलिंडर, त्याच मापाचा ब्रॅकेट, वॉशर-नट आणि फ्यूजची डबी आहे. भाड्याच्या गाडीची चावी त्या पिशवीतच ठेवते, म्हणजे चावी घ्यायला आलेल्याला पिशवी उघडावीच लागते.